बावीसला दोन कमी

एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट (पेपर पास झाला की जमा होणारं माप, लेखी पेपराला चार). त्यातले निम्मे, म्हणजे २२, पदरात असले तरच दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असं आमच्या बॅचच्या नियमावलीत होतं. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या सत्राचा निकाल लागला तेव्हा माझी बेरीज २० वर थांबली. कॉलेजच्या खिडकीतल्या भाऊसाहेबांनी गुणपत्रकाची प्रिंट वरखाली पाहिली आणि म्हणाले, "ताई, तुमचं सेकंड इयर होत नाही. दाखला काढून घ्या, बी.एड.चं वगैरे बघा." मागच्या मुलानं तोवर आपला कागद खिडकीत सरकवलाही होता.

दाखला मी काढला नाही. पुढच्या काही महिन्यांत जे जे करता आलं ते सगळं त्यामुळे करता आलं, म्हणून आधी तेच सांगून टाकते. एकदा नाव कमी झालं की तुमचा अर्ज कुठल्याच टेबलावर "आपल्या विद्यार्थिनीचा" राहत नाही.

आता वीसच का भरले ते. पहिल्या सत्रात माझा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिला. दर वर्षी निम्मा वर्ग त्यात अडकतो, त्याचं कुणाला फार वाटत नाही. दुसरा अडकला तो इलेक्टिव्हचा, म्हणजे निवडीच्या विषयाचा, आणि तो विचित्र होता. लेखीत ६० पैकी ३१, म्हणजे आरामात पास. पण अंतर्गत गुणांच्या रकान्यात 'गैरहजर'. चाचणी मी दिली होती, सेमिनार दिला होता, फळ्यासमोर उभी राहून पाऊण तास बोललेही होते. फेब्रुवारीत निकाल लागल्याबरोबर विभागात अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतला. "होऊन जाईल" असं उत्तर मिळालं.

मग एप्रिलमध्ये कावीळ. लग्नसराईचे दिवस, टँकरचं पाणी, तीन गावांचे मांडव. कुठल्या मांडवातून आली कोण जाणे. घरच्यांनी आधी शेजारच्या गावाला नेऊन ती 'उतरवून' आणली, मग चोपड्याला रक्त तपासलं. प्रॅक्टिकल आधी झालं होतं आणि जळगावच्या एमआयडीसीत केलेल्या ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिटही जमा होते. लेखीचे चारही पेपर मात्र गेले. फिजिकलचा बॅकलॉग वेळापत्रकात सगळ्यांत शेवटी होता, तोवर उठून बसता येत होतं, तेवढा दिला. पासाला २४ हवे होते, पडले २२. पहिल्या सत्राचे १४ आणि दुसऱ्याचे ६, झाले वीस.

आजारपणाचं सर्टिफिकेट लावलं की पेपर परत घेतात, असं आमच्या गावातच नाही तर आमच्या वर्गातही पुष्कळांना वाटतं. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, सरांनी पहिल्याच भेटीत ते काढून टाकलं. डॉक्टरांचा कागद उपस्थिती कमी भरली तर कामाला येतो. परीक्षेला बसलाच नाहीत तर तो पेपर पुढच्या परीक्षेतच द्यायचा, कारण कावीळ असो की आळस. ऐकायला कडू होतं, पण त्या एका वाक्यानं माझा बराच वेळ वाचला. नाहीतर ते सर्टिफिकेट घेऊन मी किती दारं पुजली असती कोण जाणे.

सरांनी दुसरी गोष्ट सांगितली ती नियमावली वाचायची. ती कुठे असते हे एम.एस्सी.ला आलेल्या मुलांनाही ठाऊक नसतं. अभ्यासक्रमाची जी पीडीएफ आपण पेपरांच्या घटकांसाठी उघडतो, तिच्या पहिल्या काही पानांतच ती असते. आपण सगळे ती पानं सरकवून थेट 'युनिट एक'वर जातो. किती क्रेडिटवर पुढचं वर्ष मिळतं, अंतर्गत आणि लेखीत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, अंतर्गत गुण पुढे चालतात का, सगळं तिथंच. विद्याशाखा बदलली की आकडा बदलतो, बॅच बदलली तरी बदलू शकतो. म्हणून माझा २२ चा आकडा कुणी आपल्या हिशेबात धरू नये. माझ्या चुलतबहिणीचं एम.ए. आहे, तिची पानं वेगळी निघाली.

त्या पानांवरून दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, माझ्यावर 'नापास' असा शिक्का बसला असला तरी अडचण दोन क्रेडिटची होती, अख्ख्या वर्षाची नव्हती. दोन, ते दोन क्रेडिट यायला दोन वाटा होत्या. फिजिकलच्या पुनर्मूल्यांकनात दोन गुण वाढणं, नाहीतर इलेक्टिव्हचे अंतर्गत गुण जागेवर येणं. कुठलंही एक झालं तरी चार क्रेडिट येऊन बेरीज २४ होत होती.

घरी मात्र बेरीज वेगळी चालली होती. मामा आले, ओट्यावर बसले आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "मंग आते काय करशी वं?" त्यांच्या खिशात स्थळ होतं. मुलगा सुरतला, स्वतःची खोली. आप्पा शेतातून नुकतेच आले होते, पाय धुता धुता म्हणाले, "पोरगी शिकी ऱ्हायनी, शिकू द्या." बस, एवढंच. आप्पांना क्रेडिट वगैरे कळत नाही, आणि मी समजावूनही सांगितलं नव्हतं. मामा म्हणाले की मुलींना आता फी माफ आहे, तर नव्यानं कुठंही प्रवेश घे. ही माफी पुष्कळांच्या डोक्यात अर्धवट बसलेली आहे. जुलै २०२४ चा तो शासन निर्णय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या एम.एस्सी.ला त्याचा उपयोग नाही.

आधी पुनर्मूल्यांकन, कारण त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून धावते आणि ती कुणासाठी थांबत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. हा काही मेहेरबानीचा भाग नाही. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला माहिती अधिकारातही मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्येच सांगितलं आहे. पण माहिती अधिकाराला तीस दिवस लागतात, तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत उलटून जाते. तेव्हा विद्यापीठाची छायाप्रतीची जी रीत आहे तीच धरावी, माहिती अधिकार मागे ठेवावा.

छायाप्रत आली तेव्हा आपलंच अक्षर परक्या माणसाचं वाटलं. अर्ध्या आजारपणात लिहिलेलं, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. बेरीज बरोबर होती, कुठलाही प्रश्न तपासायचा राहिला नव्हता. एका ठिकाणी मी गणिताच्या चार पायऱ्या बरोबर मांडून उत्तराचं एकक चुकवलं होतं, तिथं पाचापैकी एक दिला होता. मी ती प्रत सरांपुढे ठेवली. त्यांनी पेन्सिलीनं त्या जागी गोल केला आणि म्हणाले, "इथं वाढेल. पण दोन वाढतील असं धरून बसू नको." त्याप्रमाणेच झालं. सप्टेंबरात निकाल आला, २२ चे २३ झाले. ती वाट संपली.

निकाल लागण्याची वाट बघत असताना वर्ग सुरू झाले होते आणि खरा पेच तोच होता. कायद्यानं, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार, निकाल शेवटच्या पेपरापासून तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. पुनर्मूल्यांकन आणि दुरुस्त्या त्याच्या नंतर. तोवर तिसऱ्या सत्राची प्रॅक्टिकल्स चालू होतात. घरी बसलं तर उपस्थिती जाते, वर्गात बसायचं तर प्रवेश नाही. यावर कॉलेजांमध्ये तात्पुरत्या प्रवेशाची पद्धत आहे. हमीपत्र लिहून द्यायचं: 'पुनर्मूल्यांकनात अथवा दुरुस्तीत मी पात्र न ठरल्यास माझा प्रवेश आपोआप रद्द होईल व त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' सही माझी आणि पालकाची. आप्पांनी सही केली. त्यांची सही म्हणजे नाव आणि पुढे गाव, तेही दोन ओळींत, कारण एका ओळीत मावत नाही.

फीचं भय होतं. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. असतो तो खतात आणि फवारणीत गेलेला असतो. प्रवेश रद्द झाला तर ही फी बुडणार का, हे मी खिडकीवर विचारलं. "बुडते" असं उत्तर आलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं, २०२४-२५ चं शुल्कपरताव्याचं परिपत्रक काढून वाचलं. ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीचं परत. ती प्रिंट घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य भला माणूस. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "भरा फी. तारीख जवळ आली की माझ्याकडे या." म्हणजे माझ्यापुढे ३० सप्टेंबर ही एक रेघ आखली गेली. तिच्या आत इलेक्टिव्हचं काम झालं तर ठीक, नाही झालं तर पैसे परत घेऊन पहिल्या वर्षाचे पेपर द्यायचे.

एकच जोखीम होती ती शिष्यवृत्तीची. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरताना मागच्या वर्षाचं गुणपत्रक जोडावं लागतं आणि माझ्या गुणपत्रकावर 'नापास' होतं. भाऊसाहेब म्हणाले, दुरुस्त गुणपत्रक येईपर्यंत अर्ज भरूच नका, एकदा नामंजूर झाला की पुन्हा उघडायला त्रास. त्यांचा हा सल्ला मात्र सोन्यासारखा निघाला. माणूस वाईट नव्हता. दाखला काढायला सांगणं हे त्याच्या खिडकीवरचं सवयीचं वाक्य होतं, एवढंच.

आता इलेक्टिव्ह. तो विषय ज्या सरांनी शिकवला ते सीएचबीवर होते, म्हणजे तासिका तत्त्वावर. आमच्याकडच्या कॉलेजांत पदव्युत्तरचे निम्मे तास हीच मंडळी घेतात. उन्हाळा आला की त्यांची नेमणूक संपते, जूनमध्ये पुन्हा मुलाखत, मिळाली तर मिळाली. आमचे सर मे महिन्यात गेले ते परत आलेच नाहीत. विभागात विचारलं तर गुणांचं रजिस्टर कपाटात, कपाटाची चावी दुसऱ्या मॅडमकडे, मॅडम रजेवर. कपाट उघडलं तर रजिस्टर मागच्या वर्षीचं. फेब्रुवारीतला माझा अर्ज? आवक रजिस्टरात नोंद होती, कागद नव्हता. माझ्या प्रतीवरचा शिक्का नसता तर मी अर्ज दिलाच नव्हता असं ठरायला वेळ लागला नसता.

सरांना मी धुळ्याला जाऊन गाठलं. ते आता एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवतात. देवपुरातल्या त्या क्लासच्या जिन्यात उभ्या उभ्या बोलणं झालं. त्यांनी ओळखलं, "तू ग्रीन केमिस्ट्रीवर सेमिनार दिला होता ना?" गुण नोंदवायचं पोर्टल बंद व्हायच्या रात्री लाइट गेली होती आणि शेवटच्या काही मुलांचे गुण दुसऱ्या दिवशी भरू असं ठरलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं नाही. सुदैवानं त्यांनी आपल्या नोंदवहीच्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवले होते. हिरव्या शाईत माझा रोल नंबर, चाचणी १५ पैकी ११, सेमिनार १५ पैकी १२, उपस्थिती आणि गृहपाठ मिळून १० पैकी ६. एकूण २९. खाली माझ्याच हाताची सही, सेमिनारच्या दिवशी घेतलेली. माझ्याखालच्या तीन रोल नंबरांपुढेही गुण होते. त्या तिघांच्याही गुणपत्रकावर 'गैरहजर' आहे हे नंतर कळलं. दोघं बाकीच्या विषयांत पास असल्यामुळे निमूट दुसऱ्या वर्षाला गेले होते. इलेक्टिव्हचा बॅकलॉग पुढे कधीतरी देऊ म्हणाले! दिलेली परीक्षा पुन्हा द्यायला तयार होणारी आमची पिढी, तिला काय म्हणावं.

सरांनी पानाच्या प्रतीवर सही करून, 'सदर गुण माझ्या नोंदीप्रमाणे बरोबर आहेत' असं लिहून दिलं. मानधनाचे मागचे पैसे त्यांचे अजून यायचे होते, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

कागद मिळाला तरी तो हलेना. विभागातून कार्यालयात, कार्यालयातून परीक्षा विभागात, तिथून 'प्राचार्यांचं पत्र हवं', पत्राचा मसुदा कोण करणार यावर पुन्हा विभागात. गणपती आले आणि गेले. तेव्हा मी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज केला. २०२३ च्या यूजीसी विनियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक कॉलेजात असायला हवी, तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायला हवा, आणि तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आमच्या नोटीस बोर्डावर समितीतल्यांची नावं होती, कागद उन्हानं पिवळा पडलेला. अर्जात मी कुणाची तक्रार केली नाही. तारखा लिहिल्या. अर्ज दिल्याची तारीख, आवक क्रमांक, नोंदवहीचं पान, आणि शेवटी एक ओळ: '३० सप्टेंबरपूर्वी निर्णय न झाल्यास माझं शैक्षणिक वर्ष वाया जाईल.' मैत्रिणीनं आधी जो मसुदा केला होता त्यात 'घोर अन्याय', 'मानसिक छळ' असे शब्द होते. ते काढले. भांडायचं तर पुढे भांडता येतं. मला तेव्हा सही हवी होती.

समितीची बैठक झाली की नाही मला ठाऊक नाही. त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या सहीचं पत्र मात्र तयार झालं. ते मी स्वतः घेऊन जळगावला गेले. चोपड्याहून विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून शहरात, तिथून गिरणेकडे बांभोरीच्या बाजूला विद्यापीठ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे त्या काळात आमचं निदान त्या एका बाबतीत तरी निभावलं. आप्पांचे एक मोठे चुलतभाऊ शिकत होते तेव्हा हे विद्यापीठ नव्हतं. जळगाव, धुळे, नंदुरबार सगळं पुणे विद्यापीठाखाली. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं ते १५ ऑगस्ट १९९० ला आणि बहिणाबाईंचं नाव त्याला लागलं २०१८ मध्ये. काका गुणपत्रकातल्या नावाची एक वेलांटी दुरुस्त करायला रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेले होते, तो किस्सा ते अजून सांगतात. मी सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला घरी होते. परीक्षा विभागातल्या बाईंनी पत्र, नोंदवहीचं पान, शिक्क्याची प्रत असं सगळं ओळीनं लावून घेतलं, एका कागदावर तारीख नव्हती ती माझ्याकडून घालून घेतली आणि पोच दिली.

वाट बघण्याच्या दिवसांत बाकीच्या वाटाही चाळून ठेवल्या, कारण रेघ जवळ येत होती. त्यातल्या काही इथं सांगण्यासारख्या आहेत.

बी.एड.ला पदवीवर जाता येतं, पदव्युत्तर पूर्ण असायची गरज नाही. पण त्याची सीईटी उन्हाळ्याआधीच होऊन जाते. जुलैमध्ये "बी.एड.चं बघा" म्हणणं म्हणजे पुढच्या वर्षीचं बघा म्हणणं. आणि फॉर्म तर एम.एस्सी.ला नाव ठेवूनही भरता येतो.

एक वर्ष झालं की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, ही नव्या शैक्षणिक धोरणातली सोय सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती घ्यायला पहिल्या वर्षाचे सगळे ४४ क्रेडिट लागतात, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षाला २२ पुरतात आणि बाहेर पडायला ४४ लागतात! माझ्यासारखीला बाहेरचं दार आतल्यापेक्षा अरुंद होतं.

क्रेडिट बँकेचंही तसंच. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली, तिथं जमा झालेले क्रेडिट सात वर्षं वापरता येतात. डिजिलॉकर उघडून बघितलं तर माझ्या पहिल्या सत्राचे दिसत होते, दुसऱ्याचे चढायचे होते. पण बँक फक्त सांभाळते. दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर तुमचा कुठला पेपर त्यांच्या कुठल्या पेपराबरोबर धरायचा हे ते विद्यापीठ ठरवतं, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे क्रेडिट कमवावे लागतात. आमच्या आधीच्या बॅचमधला एक जण दाखला काढून दुसरीकडे गेला तेव्हा त्याला हे प्रवेश घेतल्यावर कळलं, आणि तो पुन्हा पहिल्या सत्रापासून बसला.

ज्याचं मला खरंच पटलं तो आमच्या वर्गातला तळोद्याकडचा मुलगा. त्याचे १६ क्रेडिट होते, पुनर्मूल्यांकनानं काही होणार नव्हतं. वसतिगृहाची जागा जाणार हे दिसताच त्यानं दाखला न काढता माजी विद्यार्थी म्हणून फक्त राहिलेल्या पेपरांचे फॉर्म भरायचं ठरवलं आणि सरळ अंकलेश्वर गाठलं. तिथल्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला बी.एस्सी. केमिस्ट्रीवर ट्रेनी घेतात. खानदेशातली कितीतरी पोरं तिथं आणि वापीला आहेत. माजी विद्यार्थ्याला वर्गात बसावं लागत नाही, अंतर्गत गुण पास असतील तर ते पुढे धरले जातात, फक्त पेपराला यायचं. तो रजा टाकून परीक्षेला येतो. टायट्रेशनचा हात त्याचा आता आमच्यापेक्षा चांगला आहे, कारण तो दिवसभर तेच करतो. घाईही नाही. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांत अभ्यासक्रमाच्या कालावधीवर आणखी दोन वर्षं धरली आहेत. म्हणजे दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला चार. लोक त्याला 'शिक्षण सोडलेला' म्हणतात. माझ्या हिशेबी आमच्यात सगळ्यांत शहाणा तोच.

माझं दुरुस्त गुणपत्रक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर आलं. इलेक्टिव्ह, लेखी ३१, अंतर्गत २९, पास. एकूण क्रेडिट २४. मोबाइलवर ते पान दोनतीनदा रिफ्रेश करून बघितलं. हमीपत्र फाइलमध्येच राहिलं, फी बुडाली नाही, प्रवेश कायम झाला. बाकीच्या तिघांचेही गुण त्याच पत्रानं दुरुस्त झाले. त्यातल्या एकाला तर त्याच्यासाठी कुणी काही केलंय हे डिसेंबरपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षात जाणं म्हणजे सुटका झाली असं मात्र कुणी समजू नये. पाच पेपर मागे घेऊन मी तिसऱ्या सत्रात बसले. हिवाळी परीक्षेत तिसऱ्या सत्राचे पेपर आणि फिजिकलचा बॅकलॉग अशी एकावर एक तारखा आल्या. एकदा सकाळी नवा आणि दुपारी जुना. घरी कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळेनात, आई सकाळी शेतात. मी ओट्यावर बसून क्वांटम आणि चुलीवर भाजी, दोन्ही करपले नाही एवढंच. फिजिकल सुटला. उन्हाळ्यात चौथ्या सत्राबरोबर दुसऱ्याचे चार पेपर होते. पदव्युत्तरच्या मुलांना बॅकलॉग म्हणजे 'नंतर देऊ'ची गोष्ट वाटते, पण संशोधन प्रकल्पाचा अहवाल, त्याची तोंडी परीक्षा आणि चार जुने पेपर एका महिन्यात आले की झोप म्हणजे काय ते विसरायला होतं. दोन क्रेडिटऐवजी सहा-आठ कमी असते तर मी तात्पुरत्या प्रवेशाच्या फंदात पडले नसते, तळोद्याच्या मुलासारखंच केलं असतं.

चारातले तीन सुटले. इनऑरगॅनिक राहिला आहे. त्याचा फॉर्म भरून झाला, पोच फाइलला लावली आहे. बी.एड.च्या सीईटीचाही भरला, कारण पदवीवर भरता येतो. मामांनी दुसरं स्थळ आणलं होतं, या वेळी जामनेरचं. आप्पांनी त्यांना पेपर झाल्यावर या म्हणून सांगितलं.